नकाशात वर, नदीत खाली

अमेरिकेच्या मेन राज्यातली ॲलगॅश नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्यामुळे कनू घेऊन तिच्यावर जायचा बेत करणाऱ्यांची पहिली फजिती घरच्या टेबलावरच होते. नदीतून खाली जायचं तर नकाशावर बोट वर सरकवावं लागतं. निम्मी संध्याकाळ ‘‘म्हणजे प्रवाहाच्या उलट?’’ आणि ‘‘अरे बाबा, प्रवाहाबरोबरच!’’ यातच जाते.

मोठाली तळी, त्यांना जोडणारे ओढे आणि मग खरीखुरी नदी असा हा 92 मैलांचा, म्हणजे सुमारे 148 किलोमीटरचा जलमार्ग. हे रान रानच राहावं यासाठी पैसा उभा करायला 1966 साली मेनच्या मतदारांनी मतं दिली. निवडणुकीत जिंकलेलं रान म्हटल्यावर तिथे रेंजर आले, नियम आले, शुल्क आलं. सामानाची यादी करणाऱ्याला याचं वाईट वाटत नाही. रकाने भरायला मिळाले की तो खूश असतो.

पण तारखेच्या रकान्यात त्याचं घोडं अडतं. मे-जूनमध्ये पाणी भरपूर, कनू दगडांवरून सहज निघते. नेमकी तेव्हाच काळी माशी जोरात असते. ही माशी स्वच्छ, खळाळत्या पाण्यातच वाढते, म्हणजे कनूवाल्याला जे पाणी हवं तेच तिलाही हवं. ऑगस्टमध्ये माशी ओसरते, पण पाणीही उतरतं. मग काही ठिकाणी कनूत बसण्याऐवजी तिला दोरीनं ओढत, घोटाभर पाण्यातून, गुळगुळीत दगडांवर घसरत चालावं लागतं. डास दोन्हीकडे असतातच. गटात रक्त द्यायला तयार असलेले आणि घोटा मुरगळून घ्यायला तयार असलेले असे दोन तट पडतात आणि शेवटी ज्याची रजा आधी मंजूर होते त्याचा तट जिंकतो.

सामानाच्या बाबतीत या नदीचा आद्य यादीकार म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. साधेपणाचं तत्त्वज्ञान सांगणारा हाच तो गृहस्थ. 1857 च्या उन्हाळ्यात तो एक मित्र आणि जो पोलिस हा पेनॉबस्कॉट जमातीतला वाटाड्या यांच्यासोबत या भागात आला. ‘द मेन वुड्स’ या पुस्तकाच्या शेवटी त्यानं तिघांच्या बारा दिवसांच्या सफरीसाठी यादी दिली आहे. तीत 28 पौंड पाव, 16 पौंड डुकराचं मांस आणि 12 पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो साखर आहे. शिवाय सहा लिंबं. मराठी वाचकाला हा सरबताचा घाट वाटेल, पण लिंबं मांसाच्या आणि कोमट पाण्याच्या चवीवर उतारा म्हणून होती. टपाल तिकिटंही यादीत आहेत. ती कोणत्या पेटीत टाकायची होती, हे त्या रानालाच ठाऊक.

पोलिसचं सामान मात्र बंदूक, कुऱ्हाड, घोंगडी आणि तंबाखूसह पाइप, एवढंच. मड पाँड या तळ्याकडे होडी उचलून न्यायच्या वाटेवर तो भूर्जाच्या सालीची होडी डोक्यावर घेऊन पुढे निघाला आणि माझ्या पावलांमागून या, असं सांगून गेला. मागच्या दोघा विद्वानांना पावलं ओळखता आली नाहीत. ते दलदलीत भरकटले आणि शेवटी पोलिसलाच त्यांना शोधायला परत यावं लागलं. पुढे ईगल लेकपर्यंत जाऊन थोरोनं ॲलगॅश तशीच सोडली आणि दुसऱ्या नदीनं परतीची वाट धरली.

थोरोची सुटका ज्या मार्गानं झाली तोही एक बेतच होता, आणि त्यात नदीलाच वळवलं होतं. उत्तरेकडे वाहणारं पाणी ओंडके कॅनडाच्या दिशेनं नेतं, हे मेनमधल्याच बँगोर शहरच्या लाकूडवाल्यांना खपेना. 1841 च्या सुमारास त्यांनी बांध घातले, टेलोस तळ्यापाशी चर खणला आणि चेंबरलेन लेकचं पाणी दक्षिणेला पळवलं. मग चराच्या मालकानं ओंडक्यांवर असा टोल लावला की प्रकरण हाणामारीच्या उंबरठ्यावर गेलं. इतिहासात त्याला ‘टेलोस युद्ध’ म्हणतात. टोलवरून डोकी तापणं ही काही एकट्या महाराष्ट्राची मक्तेदारी नाही.

जास्तीच्या सामानाचा विक्रम मात्र अजून कुणी मोडलेला नाही. ईगल लेकच्या काठी, झाडांत, वाफेची दोन अवाढव्य रेल्वे इंजिनं उभी आहेत. 1920 च्या दशकात कागदासाठीचं लाकूड वाहायला इथे रेल्वे टाकली गेली, 1933 मध्ये ती थांबली आणि इंजिनं आहेत तिथेच राहिली. आज त्याच काठावर मुक्काम करणाऱ्याला बिस्किटाचं वेष्टनसुद्धा परत न्यावं लागतं.

खळाळाचं कौतुक बेतात सगळ्यात जास्त होतं. चर्चिल धरणाखाली चेस रॅपिड्स लागतात. तिथे रेंजर थोडे पैसे घेऊन सामान गाडीनं पुढे पोचवतात आणि माणसांनी रिकामी कनू घेऊन उतरावं, अशी सोय आहे. टेबलावर ‘‘आपण सामानासकट जाऊ’’ म्हणणारा धरणावर पोचल्यावर रांगेत पहिला असतो. ॲलगॅश फॉल्स मात्र सुमारे 40 फुटांचा आहे. तिथे कुणाची गाडी नाही. सगळं खांद्यावर घेऊन वळसा घालायचा आणि कास्ट आयर्नचा तवा कुणी यादीत घातला होता, याची चौकशी तिथेच करायची.

शेवटची बाब गाडीची. सफर सुरू होते एका टोकाला, संपते ॲलगॅश गावात. मधले रस्ते खासगी जंगलातले, नाक्यावर पैसे भरून जायचे, आणि लाकडाचा ट्रक समोरून आला तर मान त्याचा. म्हणून तिथल्याच कुणाला तरी पैसे देऊन गाडी दुसऱ्या टोकाला पोचवून घेतात. त्यासाठी किल्ली त्याच्याकडे द्यावी लागते. यादीत किल्लीपुढे ठळक बरोबरची खूण असते, कारण ती जलरोधक पिशवीत, सगळ्यात तळाशी, नीट बांधून ठेवलेली असते, आणि हे आठवतं तेव्हा पहिलं तळं निम्मं पार झालेलं असतं.