चौकशीकाका

केजमध्ये ट्रॅक्टर घ्यायचा असो, बोअर पाडायचा असो की सोयरीक जुळवायची असो, काकांना विचारल्याशिवाय कुणी पुढं पाऊल टाकत नाही. काकांनी स्वतः मात्र आयुष्यात फारसं काही घेतलेलं नाही. त्यांचा पिंडच चौकशीचा.

सध्या त्यांच्या तावडीत निगेटिव्हचा स्कॅनर सापडलाय. घरात पत्र्याचा एक डबा आहे. त्यात वडिलांच्या याशिकाच्या, रोलला बारा फोटोवाल्या चौकोनी निगेटिव्ह. काही तर उटीच्या कारखान्यातल्या ‘इंदू’ फिल्मवरच्या. वर पुढच्या पिढीच्या लग्नांच्या, छत्तीस फोटोंच्या रोलच्या पट्ट्या आणि धनेगावला धरण बघायला गेलेलं सगळं खानदान.

काकांचा हिशेब ऐकण्यासारखा असतो. प्लस्टेकचा साधा स्कॅनर घ्यावा तर तो पस्तीस मिलिमीटरपुरताच. चौकोनी निगेटिव्ह त्यात शिरत नाही, म्हणजे वडील बाहेर. एप्सनचा व्ही ६०० घ्यावा तर वडील बसतात, पण खोक्यावर ६४०० डीपीआय लिहून प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील हाती येत नाही. निकॉनचा कूलस्कॅन उत्तम, तर निकॉननं तो कधीच बंद केला. धूळ-ओरखडे इन्फ्रारेडनं हेरून पुसायची सोय रंगीत फिल्मवर झकास चालते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र इन्फ्रारेड अडवते, त्यामुळं यंत्राला अख्खी आत्याच ओरखडा वाटते.

‘‘काका, ३२०० डीपीआयनं छोटी निगेटिव्ह स्कॅन केली तरी १ कोटी ३७ लाख पिक्सेल होतात. भिंतीवर लावायला लई झाले की!’’

‘‘व्हय, पण त्यातले खरे किती?’’

पुण्याच्या लेकानं सुचवलं, मागून उजेड द्या, कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावा आणि निगेटिव्हचाच फोटो काढा. काकांना पटलं. आता मॅक्रो लेन्सची चौकशी चालू आहे.

परवा डबा उघडला तर आंबूस वास आला. ॲसिटेटची फिल्म उष्म्यानं आणि दमटपणानं कुजायला लागली की असाच व्हिनेगरचा वास सुटतो, आणि एकदा सुटला की ती कूज मागं फिरत नाही. हे काकांनीच मला सांगितलं, सविस्तर. मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, ‘‘दिवाळीला भाव उतरतील.’’

केज, धारूर, अंबाजोगाई भागात कुणाकडे एप्सनचा जुना स्कॅनर पडून असेल तर कळवा. पण मला कळवा. काकांना कळवलंत, तर तुम्ही तो का विकताय याची चौकशी सुरू होईल.