गिरण्यांच्या वारसदारांस सप्रेम

मुंबईतील गिरणीमालक घराण्यांचे विद्यमान वारसदार यांस,


सर्वप्रथम अभिनंदन. कापड विणून श्रीमंत झालेली घराणी जगात पुष्कळ. विणणे बंद करून आणखी श्रीमंत होण्याचा मान आपला. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा पैसा यंत्रात होता. तो यंत्राखालच्या जमिनीत आहे, हे आपण ओळखलेत. २०२३ मध्ये वरळीतील बॉम्बे डाइंगच्या सुमारे २२ एकरांचा सौदा सुमारे ५२०० कोटींना ठरला. या भावात एकाही चातीचा वाटा नाही. तो चढला रेल्वेमुळे, सागरी सेतूमुळे, महापालिकेच्या पाण्यामुळे आणि कारखान्याच्या जागी टॉवर उभारू देणाऱ्या नियमामुळे.

‘जमीन आमची, तिचे काय करायचे ते आम्ही ठरवू,’ हे आपले म्हणणे मान्य. गिरणी चालवायला कोणाचीच आडकाठी नव्हती. पण जागेचा वापर बदलायचा तर परवानगी लागते, आणि ती देणारे शहर आपला वाटा मागणारच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम हेच सांगत होता: ढोबळमानाने एक तृतीयांश जागा मैदाने-उद्यानांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, उरलेली आपल्याला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणीत फक्त आधीच रिकामी असलेली जागा ठेवली. शेड पाडून मोकळी होणारी वगळली. समजा, दहा एकरांच्या गिरणीत आठ एकरांवर शेड आहेत. पूर्वी शहराला साडेसहा एकरांच्या आसपास मिळाले असते. आता दोन एकरांतच तिघांनी भागवायचे. आजोबांनी कारखाना ऐसपैस बांधला, त्याचे फळ नातवाला असे मिळाले.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली, याची आठवण आपण करून द्याल. वैध आहेच, चोरीचा आरोप कोणी केलेला नाही. कायद्यात बसणारी प्रत्येक वाटणी रास्त असते असे नाही, एवढेच म्हणणे आहे. दुसरा मुद्दा आजारी गिरण्यांचा: जमीन विकल्याशिवाय त्या सावरणार कशा आणि कामगारांची देणी भागणार कशी? प्रश्न खरा होता. पण औषधासाठी घर विकले, रोगी दगावला आणि पैसे मात्र उरले, तर हिशेब विचारावाच लागतो. लोअर परळला आज भोंगा नाही, मॉल आहे. घरासाठी अर्ज केलेल्या सुमारे पावणेदोन लाख कामगार-वारसांपैकी अनेकांना सरकार शेलू-वांगणीचा, म्हणजे कर्जतच्या लोकलचा रस्ता दाखवते आहे. गिरणगावात जागा नाही, हे कारण पटले असते, जर ती कोणाकडे गेली हे ठाऊक नसते.

तेव्हा विनंती इतकीच: उरलेल्या प्रकल्पांत नियम काय सोडून देतो हे न पाहता संपूर्ण जागेच्या हिशेबाने शहराचा वाटा द्या. दानशूर म्हणून आपल्या घराण्यांचा लौकिक आहे. इथे मात्र दानाची गरज नाही, थकबाकी चुकती केली तरी पुरे.


आपला बिनपगारी भागीदार,
मुंबईचा एक करदाता