मांडणशिल्प कसं करावं : भाईंदर पूर्वेसाठी विशेष आवृत्ती

घरातली, गाळ्यातली किंवा जिन्याखालची कोणतीही वस्तू आधुनिक कला म्हणून मांडता येते. त्यासाठी जे. जे.ची पदवी लागत नाही, रंग-ब्रश लागत नाहीत. लागते फक्त मोकळी जागा, आणि नेमकी तीच भाईंदर पूर्वेत नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

जागेचं महत्त्व आधी समजून घ्या. मे २०१६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात दोन पोरांनी गंमत म्हणून एक साधा चष्मा भिंतीशेजारी जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाले. थोड्याच वेळात लोक जमले, फोटो काढू लागले. एकाने तर योग्य कोन साधायला जमिनीवर लोळण घेतली. यात चष्म्याची काही कर्तबगारी नव्हती. त्याच्या चारी बाजूंना रिकामी फरशी होती, एवढंच. नवघर रोडवर तोच चष्मा ठेवून पाहा. पहिली रिक्षा त्याचं काय करील हे सांगायला समीक्षक नको.

तेव्हा हॉलमधला दिवाण, शिलाई मशीन, गव्हाची कोठी आणि सासूबाईंची व्हीलचेअर आतल्या खोलीत न्यावी. घरच्यांनी हरकत घेतली तर त्यांनाही आतच बसवावं. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा, खिळा मात्र राहू द्या. पांढऱ्या भिंतीवर एकटा खिळा दिसला की पाहुणे आपोआप आवाज खाली आणतात.

वस्तू निवडताना लाज सोडावी. मार्सेल द्युशाँ या कलावंताने १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये दुकानातून मुतारीचं चिनी मातीचं भांडं विकत घेतलं, त्यावर ‘आर. मट’ अशी सही ठोकली आणि प्रदर्शनाला पाठवलं. सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचंही काम घेऊ, असं प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींनी जाहीर केलं होतं. हे मात्र त्यांनी बाहेर काढलं. मूळ भांडं पुढे हरवलं, प्रतिकृती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्याच गृहस्थाने त्याआधी १९१४मध्ये पॅरिसला बाटल्या वाळत घालायचं लोखंडी स्टँड आणून ठेवलं होतं. हा अमेरिकेला गेला, आणि मागे बहिणीने स्टुडिओ आवरताना ते भंगार समजून टाकून दिलं. दिवाळीच्या साफसफाईआधी घरातल्या सर्व स्त्रियांना हा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा.

कच्च्या मालाच्या बाबतीत मात्र आपण जगाच्या पुढे आहोत. भाईंदर पूर्व म्हणजे स्टीलच्या भांड्यांचं गाव. गाळ्यांच्या गल्लीत दुपारी शिरा. प्रेसवर पत्र्यातून ताटासाठी गोल सर्कल कापली की मागे उरतो तो जाळीदार पत्रा: ओळीने भोकं, दोन भोकांमध्ये कंबर आवळल्यासारखी धातूची चिंचोळी पट्टी, कडेला तेलाचा काळसर ओघळ. धार अशी की बोट लावलं की रक्त. जहांगीर आर्ट गॅलरीत ‘हात लावू नये’ ही पाटी शिष्टाचारापोटी असते. इथे ती खरोखरच उपयोगाची आहे. शेजारी पॉलिशवाली पोरं बसलेली असतात. त्यांची तोंडं काळी, आणि हातातल्या ताटात बघणाऱ्याचा चेहरा लख्ख.

भांड्यांतून कला होते का, अशी शंका कोणी काढलीच तर कलावंत सुबोध गुप्तांचं नाव घ्यावं. त्यांनी २००६मध्ये स्टीलच्या भांड्यांची एक अवाढव्य कवटी उभी केली, आणि ती २००७ला व्हेनिसच्या मोठ्या कालव्याकाठी झळकली. भांडी आपल्याकडे आहेत, काठाला जेसल पार्कची खाडी आहे, आणि जुलैत रस्त्यावरसुद्धा व्हेनिसइतकं पाणी असतं. अडलंय फक्त कवटीपाशी.

खरा समीक्षक कोण, हेही ओळखून ठेवा. तो दक्षिण मुंबईतून येत नाही. हातगाडी घेऊन गल्लीतून येतो. त्याच्याकडे वजनकाटा असतो आणि लोहचुंबक. तुमच्या शिल्पाला चुंबक लावून तो म्हणतो, “शेठ, लोहा है, स्टील नहीं,” आणि किलोचा भाव सांगतो. इतकं नेमकं परीक्षण कुठल्या दिवाळी अंकात वाचल्याचं मला आठवत नाही.

आता पावसाळी कलाकृती. हा आपला हक्काचा प्रांत. मार्टिन किपेनबर्गर या जर्मन कलावंताची ‘छत गळायला लागतं तेव्हा’ अशा अर्थाच्या नावाची एक कृती आहे: लाकडी पट्ट्यांचा उंच मनोरा, खाली रबरी घमेलं, घमेल्यात वाळलेल्या पाण्याचा वाटावा असा रंगाचा थर. २०११मध्ये डॉर्टमुंडच्या संग्रहालयात सफाईवाल्या बाईंनी तो थर डाग समजून घासून लख्ख केला. विमा ८ लाख युरोंचा. कामगारांनी कलाकृतीपासून २० सेंटीमीटर लांब राहावं असा नियम होता म्हणे; पण घासणी हातात असली की २० सेंटीमीटर म्हणजे काय? आपल्याकडे प्रत्येक जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर हीच कलाकृती दर जुलैत मांडली जाते, तीही विम्याशिवाय.

पाटी लिहिण्यात कंजुषी नको. ‘बादली’ असं लिहिलंत तर येणारा तिच्यात हात धुईल. ‘स्लॅबचं मनोगत’ लिहा, दोन पावलं मागे सरेल. माध्यम : प्लास्टिक, पाऊस, वॉटरप्रूफिंगचा जुना ठेकेदार. आकार : पाहणाऱ्याने ठरवावा. किंमत लिहू नये, ‘कार्यालयात विचारावी’ म्हणावं.

आणि प्रमाणपत्र हवंच. मॉरित्झिओ कॅटेलान या कलावंताने २०१९मध्ये मायामीत भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं २०२४च्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं. घेणाऱ्याला मिळालं प्रमाणपत्र, आणि केळं सडलं की नवं कसं लावायचं याच्या सूचना. म्हणजे तिकडे कागद टिकतो, वस्तू सडते. आपल्याकडे इमारत वीस-वीस वर्षं उभी असते, माणसं राहतात, लग्नं होतात, आणि भोगवटा दाखल्याचा पत्ता नसतो. केळ्याचं म्हणाल, तर खाडीपलीकडच्या वसईची राजेळी केळी वापरायची असल्यास त्यांची सुकेळी घ्यावीत. ती सडत नाहीत, फक्त घरातली मुलं पळवतात.

एवढं सगळं केल्यावर सोसायटीची नोटीस येईल. घाबरू नये. उत्तराचा मसुदा असा :

“मा. सचिव, आपलं पत्र मिळालं. चौथ्या मजल्याच्या जिन्यातली निळी बादली अडगळ नसून मांडणशिल्प आहे. प्रदर्शन अनंत चतुर्दशीपर्यंत चालेल, पाऊस लांबल्यास मुदत वाढवली जाईल. प्रवेश विनामूल्य, चपला काढायची गरज नाही. बादली भरल्याचं दिसल्यास रसिकांनी ती मोरीत ओतून पुन्हा खडूने काढलेल्या वर्तुळातच ठेवावी. मेंटेनन्सची थकबाकी हा वेगळा विषय आहे, त्यावर सर्वसाधारण सभेत बोलू.”