कौलं आणि कौल

वसईकडच्या एका धर्मग्रामातला गडी मांडवीवरच्या कॅसिनोत जिंकला आणि त्यातले लाख रुपये त्याने चर्चच्या गळक्या कौलांसाठी दिले. शहाणा असता तर ‘धंद्यात फायदा झाला’ म्हणाला असता. हा खरं बोलला. झालं, पॅरिश कौन्सिलची तातडीची बैठक बसली.

अडीच तास बसली. एकाने येशूला धरून देणाऱ्या यहूदाची तीस नाणी काढली. ती रक्ताचं मोल म्हणून याजकांनी भांडारात घेतली नव्हती, त्यांतून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं होतं. कुंभार म्हटल्यावर दुसऱ्याला मटका आठवला आणि तो पापाच्या परंपरेवर वीस मिनिटं बोलला. त्याच यहूदाच्या रिकाम्या जागी मत्थियाची नेमणूक प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून केली, हे मात्र कुणाला आठवलं नाही.

टेबलाच्या मधोमध हाऊजीच्या तिकिटांचे गठ्ठे होते. सणाच्या संध्याकाळी विकायचे. कौलांसाठीच.

आता हाऊजी म्हणजे जुगार नव्हे, हे नीट समजून घ्या. जुगारात लोक पैसे लावतात, आकड्याची वाट बघतात, बहुतेक जण हरतात आणि चालवणारा कधीच हरत नाही. हाऊजीत लोक पैसे लावतात, आकड्याची वाट बघतात, बहुतेक जण हरतात आणि चालवणारा कधीच हरत नाही. पण प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, शेजारी पोर्क विंदालूचा स्टॉल असतो आणि आधी प्रार्थना होते. तिकिटावर पंधरा आकडे, पिशवीत नव्वद. या पंधरांसाठी मी तीस वर्षं त्या खुर्च्यांवर बसतोय. जल्दी फाइव्ह नाही, टॉप लाइन नाही. एकदा, फक्त एकदा, माझे चौदा आकडे कापले गेले होते. सत्तेचाळीस हवा होता. हात थरथरत होता, बायको माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच आदराने बघत होती. माइकवरून सेहेचाळीस आला. अठ्ठेचाळीस आला. मग मागच्या रांगेतून ‘हाऊस!’ अशी आरोळी, आणि मिक्सर घेऊन गेला तो आकडे पुकारणाऱ्याचा साडू. मी काही म्हणत नाही. देव बघतोय.

सरकारला असले पेच पडत नाहीत. जिंकलेल्या रकमेतून ते तीस टक्के कर कापून घेतं आणि त्याच रात्री शांत झोपतं. कॅथलिक धर्मशिक्षणही परिच्छेद 2413 मध्ये नशिबाच्या खेळांना मुळातच पाप म्हणत नाही; माणसाच्या गरजेचा घास त्यात जाऊ लागला, की मात्र ते अमान्य. म्हणजे विचारायचं तर हरलेल्यांबद्दल विचारायला हवं. कुणाचं मंगळसूत्र गेलं, कुणाच्या पोराने मोबाइलवर रमी खेळून बापाच्या भाजीच्या हिशेबाला भोक पाडलं. अडीच तासांत हरलेल्याचा एकदाही उल्लेख नाही. चर्चा फक्त नोटांच्या पावित्र्याची!

आणि पावित्र्यच बघायचं, तर बैठकीतून उठून दाराशी या. तिथे संगमरवरी पाटी आहे, घंटेसाठी देणगी देणाऱ्याची. या गृहस्थाने गोड्या पाण्याची दोन बावखलं बुजवली. शंभर वर्षं ज्यांच्यावर वाड्या जगल्या, ती मातीचे डंपर ओतून सपाट केली, वर सात मजले चढवले. आता आजूबाजूच्या विहिरींना खारं पाणी, पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. टँकर कुणाचा? त्याच्याच मेहुण्याचा! तेव्हा नाही कुणाला तीस नाणी आठवली. तेव्हा शाल, श्रीफळ, पहिल्या बाकावर जागा. जुगाऱ्याने निदान स्वतःचे पैसे पणाला लावले होते हो, याने आमचं पाणी लावलं!

असो. रक्तदाब.

ठराव एकमताने झाला: देणगी सन्मानपूर्वक परत. गड्याने लाख रुपये घेतले, तिथेच बसला आणि त्या सगळ्याची हाऊजीची तिकिटं मागितली. खजिनदाराने अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या, पावती फाडली.

कौलं शाकारून झालीत. फुल हाऊस यंदाही साडूलाच लागलं.