कार्यालयीन परिवर्तन : नांदेड-लातूरच्या नवनियुक्त अधिकाऱ्यांसाठी काही सूचना

मराठवाड्यातील महसूल कार्यालयात परिवर्तन घडवण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्यावर येते, त्याने सर्वप्रथम भिंतींचा रंग ठरवावा. कारण परिवर्तन म्हणजे काम करण्याची रीत जाणीवपूर्वक बदलणे, आणि रीत ही तपासणीला आलेल्या पथकाला दिसणारी वस्तू नव्हे. जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेत संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी असे सात विषय होते, आणि तीत नांदेडचे जिल्हाधिकारी कार्यालय राज्यातल्या पहिल्या पाचांत आले. ते नुसत्या रंगावर आले असे कोणी म्हणणार नाही, पण अनुकरण करणाऱ्याला रंगच सर्वांत सोपा पडतो. त्याहून स्वस्त उपाय नामांतराचा. लिपिकाचा महसूल सहायक आणि तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, तरी गावात सातबारा अजून तलाठ्याकडेच मागतात.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1947 मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले : गोठलेली सवय आधी वितळवावी, मग तिला नवे वळण द्यावे आणि शेवटी ती पुन्हा गोठवावी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या दोन जिल्ह्यांत वितळवण्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. अडते ते गोठवण्यापाशी. नव्या पद्धतीची घोषणा होताच ‘करूत की, साहेब’ असे जे एकमुखी उत्तर येते, ते होकार समजू नये आणि नकारही समजू नये. सहा गठ्ठा पद्धतीत, म्हणजे कारकुनाच्या टेबलावरचे कागद प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे असे लावून ठेवण्याच्या पद्धतीत, त्या उत्तराची जागा दुसऱ्या गठ्ठ्यात असते. प्रतीक्षा बहुधा साहेबांच्या बदलीची असते. बदल्यांच्या 2005 च्या अधिनियमाने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे ठरवला आहे, हे साहेबांखेरीज त्या दालनात सर्वांच्या लक्षात असते.

प्रशिक्षणात मात्र हयगय नको. केंद्र शासनाच्या ‘आयगॉट कर्मयोगी’ या संकेतस्थळावर अभ्यासक्रम पुरा केला की प्रमाणपत्र मिळते, आणि प्रमाणपत्रे मोजता येतात, हा त्यांचा मोठाच गुण होय. न मोजलेल्या विद्येचा त्रास काय असतो, हे मराठवाड्याने 2023 मध्ये पाहिले. त्या सप्टेंबरात न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तराचे बस्ते सोडले गेले, आणि आतले कागद उर्दूत व मोडीत निघाले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे कागदावर साल फसली, आणि फसली 1345 मध्ये 590 मिळवल्यावाचून ते इसवी सन 1935 च्या सुमाराचे आहे हे कळत नाही. लातूर तर 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादेतून वेगळा झालेला जिल्हा, म्हणजे तेथे कागद जिल्ह्यापेक्षा वयाने थोर. दप्तर मराठी झाले ते योग्यच झाले. पण जुनी अक्षरे वाचणारे कारकून एकेक करून सेवानिवृत्त झाले, त्यांना ते येत होते याची नोंद सेवापुस्तकात कोणी केली नाही, आणि पुढे शासनालाच उर्दू व मोडी जाणणाऱ्यांच्या शोधात फिरावे लागले.

तेव्हा कोणत्या बस्त्यात काय आहे हे तोंडपाठ असलेला अव्वल कारकून निवृत्तीला आला की त्याला शाल-श्रीफळ द्यावे, त्याच्या प्रदीर्घ सेवेबद्दल चार शब्द बोलावेत आणि संध्याकाळच्या आत मोकळे करावे. दोन तरुण महसूल सहायक वर्षभर त्याच्या शेजारी बसवण्याचा विचार कोणी मांडलाच, तर तो नम्रपणे बाजूला ठेवावा, कारण त्यातून प्रमाणपत्र निघत नाही आणि मासिक प्रगती अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.