आधी प्रवासी आणा, मग रूळ मागा

17 सप्टेंबर 2025 रोजी बीडला रेल्वे आली. तारीख विचारपूर्वक निवडलेली होती, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. 1948 साली मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटला आणि पुढची 77 वर्षं बीडकर एसटीच्या ताब्यात राहिले. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995-96 मध्ये. तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, आता तो सुमारे 4,800 कोटींवर गेला आहे. 30 वर्षांत अहिल्यानगरहून बीडपर्यंतचे सुमारे 167 किलोमीटर पुरे झाले. भागाकार केला तर दिवसाला 15 मीटर पडतात. एवढं अंतर गोगलगाय सकाळच्या चहाला निघून दुपारच्या जेवणाआधी कापते, आणि तिला राज्य सरकारचा निम्मा वाटाही लागत नाही. परळी अजून पुढे आहे. परळीकरांनी घाई करू नये.

एवढा वेळ का लागला, याचं उत्तर रेल्वेकडे कायम तयार असतं. ते म्हणजे परतावा. नव्या मार्गात घातलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतील हे आधी मोजलं जातं. वर्षानुवर्षं ही अट 14 टक्क्यांची होती, पुढे ती खाली आली. 14 टक्के कबूल करणाऱ्या पतसंस्थेपासून शहाणा माणूस चार हात लांब राहतो. पण बीड, यवतमाळ, गडचिरोलीने ते कबूल करावेत अशी दिल्लीची अपेक्षा होती. कारखाने नाहीत म्हणून माल नाही, माल नाही म्हणून परतावा नाही, परतावा नाही म्हणून रूळ नाहीत आणि रूळ नाहीत म्हणून कारखाने नाहीत. हे चक्र मात्र वक्तशीर फिरतं. त्याला कधी क्रॉसिंग लागत नाही.

बीडमध्ये प्रवासी नाहीत असं म्हणणाऱ्यांनी दसऱ्यानंतर जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून पाहावं. लाखो ऊसतोड कामगार पोराबाळांसह, चुलीभांड्यांसह ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. दरवर्षी, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या दिशेने. रेल्वेला याहून खात्रीची गर्दी कुठे मिळणार होती? पण ट्रॉलीत बसलेला माणूस प्रवासी ठरत नाही. तो मुकादमाचा माल असतो.

गडचिरोलीची गोष्ट आणखी मजेची. अख्ख्या जिल्ह्यात स्टेशन एकच, वडसा. तेही जिल्ह्याच्या उंबरठ्यावर. तिथून गडचिरोली शहरापर्यंतचा 52 किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन एक तप उलटून गेलं. त्याच जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस बाहेर पडतात. रूळ ज्याचे बनतात ते बाहेर जातं. रूळ आत येत नाहीत.

बुलेट ट्रेनचा विषय काढला की विकासविरोधी ठरण्याचा धोका असतो. म्हणून आम्ही फक्त अंकगणित करतो. मुंबई–अहमदाबाद 508 किलोमीटर, मूळ अंदाज 1 लाख 8 हजार कोटी. म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. बीड मार्गाला आजच्या, फुगलेल्या दराने किलोमीटरला साधारण साडेअठरा कोटी पडतात. तिकडच्या एका किलोमीटरात इकडचे साडेअकरा बसतात. गाड्यांची जात वेगळी, तुलना अन्यायाची, हे मान्य. पण जातीवरून वागणूक बदलते, हेच तर आम्ही म्हणतोय. 12 स्थानकांपैकी 4 महाराष्ट्रात आणि 8 गुजरातमध्ये, पैशाचा वाटा मात्र दोन्ही राज्यांचा सारखा, प्रत्येकी 5 हजार कोटी. 2017 मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा ही गाडी 2023 पर्यंत धावणार होती. वेळ पाळणं तिलाही जमलं नाही. बीडची पॅसेंजर आणि बुलेट ट्रेन यांच्यात समता आहे ती एवढीच.

आता कोणी म्हणेल, महाराष्ट्राला अनुशेष मोजण्याची थोर परंपरा आहे, मग हा का मोजला नाही? मोजला नाही कारण तो आमच्या वहीत बसत नाही. वि. म. दांडेकर समितीने 1984 साली रस्ते, सिंचन, वीज, पाणीपुरवठा, शिक्षण, आरोग्य यांचा जिल्हावार हिशेब मांडला. रेल्वे केंद्राची, म्हणून ती हिशेबाबाहेर राहिली. केंद्र राज्यनिहाय आकडा सांगतं, राज्य म्हणतं रेल्वे आमची नाही, आणि जिल्हा मधल्या फलाटावर उभा असतो. 2025-26 मध्ये महाराष्ट्रासाठी 23,778 कोटींची तरतूद झाली. 2009 ते 2014 या काळात वर्षाला सरासरी 1,171 कोटी मिळत, हेही सोबत ऐकवलं गेलं. आकडा वीस पटींनी वाढला, अभिनंदन. त्यातले किती वसईला, किती वाशिमला, हे विचारणं मात्र अभिनंदनाच्या प्रसंगी बरं दिसत नाही.

पूर्वी रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प असे. रेल्वेमंत्री ज्या राज्याचा, त्या राज्याकडे गाड्यांची तोंडं वळत. अन्याय होई, पण तो तारीख ठरवून, लोकसभेत, मोठ्याने वाचला जाई. खासदार बाकं वाजवत, बाकीचे ओरडत. 2017 पासून तो सामान्य अर्थसंकल्पात विलीन झाला. आता ओरडण्याचा दिवसही राहिला नाही. ज्याला शोधायचंय त्याने रेल्वेच्या प्रकल्पवार तरतुदींचं ‘पिंक बुक’ उघडून आपल्या मार्गापुढची रक्कम पाहावी. तिथे कधी कधी एखाद्या प्रकल्पापुढे फक्त 1,000 रुपये दिसतात. प्रकल्प मेला नाही, एवढंच सांगण्यासाठी ते असतात. तसे ते अगदीच वाया जात नाहीत. नारळ, हार आणि कुदळीला लावायचं हळदकुंकू त्यात आरामात बसतं. पुढच्या निवडणुकीला लागतंच.

रूळ टाकून झाले की प्रश्न येतो त्यावर काय धावणार याचा. सरकारी नोकरीत बडा साहेब नाराज झाला की माणसाची बदली कुठे होते हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. डब्यांचंही तसंच. मोठ्या शहरांच्या नावाजलेल्या गाड्यांना नव्या पद्धतीचे लाल-करडे एलएचबी डबे मिळाले. मग त्यांच्या सुटलेल्या निळ्या आयसीएफ डब्यांची बदली दुसऱ्या, कमी मानाच्या गाड्यांवर झाली. चेन्नईच्या कारखान्याने हे जुन्या पद्धतीचे डबे बनवणं 2018 च्या जानेवारीत थांबवलं. म्हणजे आज ज्या निळ्या डब्यांत तुम्ही बसता, त्यांतला सर्वांत तरुणसुद्धा शाळेत जाण्याच्या वयाचा आहे. बाकीचे त्याचे काका-मामा. डब्याचं आयुष्य साधारण 25 वर्षं धरलेलं असतं. ते संपल्यावर काही डब्यांच्या खिडक्या बंद करून, आतली बाकं काढून त्यांतून नव्या कोऱ्या मोटारी वाहून नेतात. आयुष्यभर माणसं वाहिल्यावर हे पेन्शन. गाडी वेळेवर येत नाही म्हणून ज्याने हप्त्यावर मोटार घेतली, त्याची मोटार बहुधा त्याच्याच जुन्या डब्यातून येत असावी.

डबा बदलता येत नसेल तर पाटी बदलता येते, हा शोध कोरोनाकाळात लागला. पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि परत आल्या त्या ‘स्पेशल’ किंवा ‘एक्स्प्रेस’ म्हणून. थांबे तेच, वेग तोच, पंखा फिरायला ज्याचा धक्का लागतो तो कंगवाही तोच. किमान भाडं मात्र 10 वरून 30 रुपये झालं. ते परत 10 वर यायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. नाव बदलून गाव सुधारतं यावर आपला विश्वास होताच, गाडीही सुधारते हे तेव्हा कळलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर मऊ गादी यावी यासाठी मधू दंडवते यांना 1977 मध्ये रेल्वेमंत्री व्हावं लागलं होतं. लाकडी फळीलाच ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणावं, हे त्यांना सुचलं नाही. समाजवादी होते, काय करणार.

मराठवाड्याला वंदे भारत मिळाली, याची नोंद न करणं कृतघ्नपणाचं ठरेल. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना–मुंबई सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत गेली. ताशी 160 किलोमीटर धावू शकणारी ही गाडी मनमाड ओलांडली की निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास आखलेल्या वाटेवर येते. मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, पण परभणीपर्यंत वाट बहुतांश एकेरीच. समोरून मालगाडी आली की ताशी 160 ची गाडीही क्रॉसिंगला पडणार. संभाजीनगर–परभणी दुहेरीकरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 2025 मध्ये. आधी गाडी, मग रूळ. नवरदेव घोड्यावर बसलाय, मांडवाची निविदा निघायचीय. आणि तक्रार कोणाकडे करावी? नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबाद. निजाम गेला, कारभार तिकडूनच चालू आहे.

रेल्वेला घाई करता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. एप्रिल 2016 मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा कोट्याच्या वर्कशॉपात टँकर वॅगन धुऊन निघाल्या, मिरजेला पाणी भरलं आणि 10 वॅगनमधून 5 लाख लिटर घेऊन ‘जलदूत’ लातूरला पोचली. ना सर्वेक्षण, ना परताव्याची टक्केवारी, ना प्रवासीसंख्येचा अंदाज. पुढे सुमारे 4 कोटींचं बिल आलं, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की ठरवलं तर दिवसांत होतं, न ठरवलं तर दशकांत. त्याच लातुरात 2018 साली डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि आता तिथे वंदे भारतच्या शयनयान गाड्या बनवायचं ठरलं आहे. म्हणजे मराठवाड्यात नवा डबा नक्की दिसणार. कारखान्यातून बाहेर पडताना.

हे वाचून मुंबईकरांवर दात खाण्याचं कारण नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकणारी माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली, काही जिवाला मुकली. तिथे प्रवाशांची वाण नव्हती. मार्ग गर्दीने ओसंडत होता. म्हणजे प्रवासी नसले तर गाडी नाही, आणि प्रवासी असले तर जागा नाही. बीडच्या माणसाला सांगायचं तू फार थोडा आहेस, दिवा-मुंब्र्याच्या माणसाला सांगायचं तू फार जास्त आहेस. बरोबर मोजून तेवढेच प्रवासी कुठे असतात, हे रेल्वेने एकदा जाहीर करावं. आम्ही सगळे तिथे राहायला जाऊ.

तोवर वाचकांसाठी एक फुकटचं काम. प्रत्येक डब्याच्या अंगावर एक क्रमांक रंगवलेला असतो. त्याचे पहिले दोन अंक म्हणजे डब्याचं जन्मसाल. 02 असेल तर 2002, 17 असेल तर 2017. तुमच्या गावात पुढच्या वेळी पुढारी नवी गाडी सोडायला येतील, बँड वाजेल, पेढे वाटले जातील, तेव्हा व्यासपीठाकडे न पाहता ते दोन अंक वाचा आणि शेजाऱ्यालाही वाचायला लावा. गाडी कितपत नवी आहे ते भाषणाआधीच कळेल. झेंडा मात्र दरवेळी कोराच असतो. आपल्या भागात रेल्वेची न चुकता होणारी तेवढी एक गुंतवणूक आहे.