बंब देणे आहे

आमच्याकडे गिझर आला त्याला सहा महिने झाले. भिंतीवर चढून बसला, लाल दिवा लावला आणि कामाला लागला. पंधरा लिटर पाणी, दोन हजार वॉट, वीस मिनिटं. राख नाही, धूर नाही, ‘ढलप्या कोणी फोडायच्या’ यावरून सकाळी सहाला भांडण नाही. तक्रार गिझरबद्दल नाहीच. त्याने ज्याची नोकरी घालवली, त्या तांब्याच्या बंबाचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.

पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा न्हाणीघर गेलं आणि बदल्यात ड्राय बाल्कनी मिळाली. बंब तिथे वॉशिंग मशीनशेजारी उभा राहिला. माल तांबट आळीतला. अंगभर मठारकामाचे ठोके, पोटातून आरपार गेलेलं धुराडं, खाली जाळी आणि दर्शनी भागावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं पणजोबांचं नाव, पुढे ‘यांचे स्मरणार्थ, १९५८’. त्याचा नियम एकच होता. जेवढं पाणी काढाल तेवढं आधी घाला. कोरड्या बंबाखाली जाळ राहिला की डाग सुटतो. कथील २३२ अंशांवरच वितळतं. आजीला हा आकडा ठाऊक नव्हता, पण न घालता काढणाऱ्याला तिने कधी सोडलं नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला म्हणून नव्या घरात एकदाच तो पेटवला. चार करवंट्या, दोन गोवऱ्या. धूर थेट चौथ्या मजल्यावर. वरच्या काकूंनी घाबरून फोन लावला, ‘खाली बंब पेटलाय!’ पलीकडून उत्तर आलं म्हणे, ‘बंब कसा पेटेल? तो तर इथेच उभा आहे.’ पेटवायचा तोही बंब आणि विझवायला येतो तोही बंब, याची किंमत मी सोसायटीच्या नोटिशीत मोजली.

मग बंबाला चांगलं स्थळ शोधायचं ठरलं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि अर्ध्या तासात सगळं गोत्र गहिवरलं. आत्याला धुराचा वास आठवला. काकांनी तांब्याच्या पाण्यावर फॉरवर्ड पाठवला. तो पिण्याच्या पाण्याबद्दल होता, पण भावना पोचल्या. न्यू जर्सीच्या भाच्याने तोटीतून पाणी पडतानाचा आवाज रेकॉर्ड करून मागितला. ‘मोडीत अजिबात घालू नका हं,’ यावर एकमत झालं. ‘मग कोण नेतंय?’ असं मी विचारलं. त्या संध्याकाळी पुढचा मेसेज आला तो थेट कुणाच्या तरी वाढदिवसाचा.

एक ओळखीचे गृहस्थ खास बघायला आले. त्यांचं हुरडा पार्टीचं रिसॉर्ट आहे. त्यांनी बंबाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, ‘भोकं पाडून आत बल्ब सोडला की काय दिसेल!’ मोडवाला निदान प्रामाणिक होता. त्याने वजन केलं, डागाची घट धरली, तोटी पितळी म्हणून वेगळी काढायला सांगितली. नाव घातलेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाला, ‘याचे काही मिळत नाहीत.’

हिचं म्हणणं, त्यात तुळस लावू. मी म्हटलं, तुळशीला धुराडं कशाला?

शेवटी विचारणा आली ती समोरच्या बांधकामावरच्या रखवालदाराकडून. बायको आणि दोन मुलं, राहायला पत्र्याची खोली, पाणी टँकरचं गार. सेंट्रिंगच्या मोडक्या फळ्या मात्र हव्या तेवढ्या. त्याने फोटो काढला नाही. साल वाचलं नाही. उकिडवा बसून जाळीत हात घातला, राखेचं दार उघडझाप करून पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, तोटी गळते का?’ सहा महिन्यांत बंबाविषयी कामाचा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. मी सांगितलं, थोडी गळते. ‘सुतळी गुंडाळतो,’ म्हणाला आणि बंब खांद्यावर टाकून जिना उतरला. पाणी आधी घालायचं, मग काढायचं, हे मी वरून ओरडून सांगितलं. आवाज थेट आजीचा निघाला.

आता पहाटे समोरून धूर येतो. सोसायटीची नोटीस तिकडे लागू होत नाही.

ही बातमी ग्रुपवर कळली आणि गोत्र पुन्हा जागं झालं. ‘परस्पर देऊन टाकलात? आम्ही नेला असता की!’ आत्या दोन दिवस बोलली नाही. तेव्हा या वेळी आधीच जाहीर करतो. घरात काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा शिल्लक आहे. टाकी लावून घ्यावी लागेल. उचलायला दोन माणसं आणावीत, हमाली ज्याची त्याने द्यावी. आठवणी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.